कोडची पहिली ३१ मार्च

माझं गाव कऱ्हाड. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आणि सरकारी कागदांवर कराड, घरात मात्र कऱ्हाडच. २००९ च्या मार्चमध्ये एका पतसंस्थेच्या शाखेत बसून मी माझ्याच सॉफ्टवेअरमध्ये हे नाव शोधलं आणि उत्तर आलं, ‘नोंद सापडली नाही’. शेजारी कॅशियर काकू बसल्या होत्या. त्यांच्या हातातल्या छापील यादीत कऱ्हाडचे सभासद ओळीनं उभे होते. “अहो मॅडम, माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसतंय ते तुमच्या मशीनला दिसेना होय?”

त्या संध्याकाळी मी त्यावर जो उपाय केला तो पुढे सांगतेच. तो करू नका, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

मी २००१ साली पुण्यात सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात फॉक्सप्रो या डेटाबेस-प्रोग्रामिंगच्या भाषेवर काम करायला लागले. पतसंस्था, सहकारी सोसायट्या, एखादी छोटी बँक अशी आमची गिऱ्हाइकं. आजही मी रोज कोड लिहिते. लग्नाकार्यात कुणीतरी “अजून प्रोग्रामिंगच? मॅनेजर नाही झालीस?” असं विचारतंच, आणि त्याच लग्नात कुणाचा तरी मुलगा कोपऱ्यात गाठून “मावशी, या लाइनमध्ये टिकायचं कसं?” असंही विचारतो. त्या मुलांना मी जे सांगते ते इथं लिहिते.

पहिले पंधरा दिवस कोड बदलू नका

नवीन नोकरी, जुना कोड. पहिल्या दिवशी प्रत्येकाला वाटतं की हे कुण्या गाढवानं लिहिलंय. वाटू द्या, बोलू नका. बऱ्याचदा ते गाढव शेजारच्या टेबलावर बसलेलं असतं, आणि त्याच्याकडून तुम्हाला अजून पुष्कळ काही काढून घ्यायचं असतं.

त्याऐवजी एक व्यवहार निवडा आणि त्याचा पाठलाग करा. आमच्याकडे नवीन आलेल्याला मी दोनशे पानी वही देते आणि सांगते: एका सभासदानं बचत खात्यात ५०० रुपये भरले. ते ५०० रुपये पडद्यावरून निघून कुठल्या फंक्शनमध्ये गेले, कुठल्या टेबलात लिहिले गेले, रोजकीर्दीत कसे दिसले, खतावणीत (खातेवार वहीत) कुठं गेले आणि शेवटी तेरजेत (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीत) कुठल्या रकमेत मिसळले, ते हातानं लिहून काढ. डीबगर (प्रोग्राम ओळीओळीनं थांबवून बघायचं साधन) लाव, लॉग (प्रोग्रामनं केलेल्या कामाची नोंद) वाच, डेटाबेसमध्ये आधी आणि नंतर बघ. पहिल्याला याला चार दिवस लागले होते. चार दिवसांनी त्याला जी माहिती होती ती तीन वर्षं काम करणाऱ्या दोघांना नव्हती.

हे करताना शब्दांची यादीही करा. एका कोडमध्ये तारण या एकाच गोष्टीला तीन इंग्रजी नावं मिळाली होती, तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या साली दिलेली. नवीन माणसाला वाटायचं या तीन गोष्टी आहेत. आम्ही शेवटी ठरवलं की क्लार्क ज्या शब्दानं बोलतो तोच शब्द कोडमध्ये, रोमन लिपीत का होईना. तारण तर तारण, थकबाकी तर थकबाकी. शाखेतून फोन आला की ऐकलेला शब्द जसाच्या तसा कोडमध्ये शोधता येतो.

आणि एक दिवस शाखेत जाऊन बसा. तिथं कॅशियर माउस वापरतच नाही, टॅब आणि एंटरवर हात चालतो, हे बघितलं की तुमचा सुंदर ड्रॉपडाउन तुम्ही स्वतःहून काढून टाकाल.

बिघाड आधी पकडा, मग दुरुस्त करा

आता कऱ्हाडकडे येऊ.

दोन नोंदी, दोन्हीकडे ‘कऱ्हाड’, पण एक सापडते आणि दुसरी नाही. शाखेतल्या त्या मशीनवर मी दोन्ही शब्दांची लांबी छापली. एकाची ६ आली, दुसऱ्याची ७. तिथं उलगडलं. हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. पहिल्या प्रकारात क, मग खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, ह, काना, ड. दुसऱ्या प्रकारात क, साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला प्रोग्रामर झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग ह, काना, ड. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एक कऱ्हाड १८ बाइटचं आणि दुसरं २१ बाइटचं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. मुख्य कार्यालयातला कीबोर्ड एक प्रकार टाकत होता, शाखेतला दुसरा. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या रूपांना एक रूप देणं, लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, कारण ते त्या जोडचिन्हाला हात लावत नाही.

इथपर्यंत मी बरोबर होते. बग म्हणजे ‘शोध चालत नाही’ हे वाक्य नव्हे. कुठली दोन इनपुटं दिली की एक चालतं आणि दुसरं चालत नाही, हे दाखवता आलं की तो पकडला म्हणायचं. तोवर केलेली प्रत्येक दुरुस्ती म्हणजे अंधारात धोंडा.

यापुढे मी थांबायला हवं होतं. पण मार्चअखेर, संध्याकाळचे सात, मॅनेजरसाहेब मागे उभे. मी सरळ सभासदांच्या टेबलावर दोन ओळींची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, चालवली: सगळीकडे ऱ चा र कर, जोडचिन्ह काढून टाक. शोध चालू झाला. काकूंनी चहा पाजला. मी शेवटच्या एसटीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी पासबुकं छापली गेली. कुऱ्हाडेंचं कुर्हाडे झालं होतं, गोऱ्हेंचं गोर्हे. एक निवृत्त मास्तर काउंटरवर पासबुक ठेवून म्हणाले, “तीस वर्षं मराठी शिकवलं मी. माझ्या आडनावावर हा रफार कुणी चढवला?”

उलटी क्वेरी चालवता येईना. त्याच टेबलात सूर्यवंशी होते, भट्टाचार्य होते. त्यांचा रफार जन्माचा होता. आता कुठला र मूळचा आणि कुठला मी केलेला, ते सांगणारी माहितीच मी पुसून टाकली होती. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यातला फरक मराठी माणसाला पहिलीत कळतो, तो मी दोन ओळींत नाहीसा केला.

मग बॅकअप काढायला गेलो. रोज रात्री एक फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी व्हायची. जानेवारीत ती डिस्क भरली होती. तेव्हापासूनच्या सगळ्या फाइली शून्य बाइटच्या होत्या, आणि त्यांची नावं मात्र रोजच्या तारखेची, अगदी शिस्तीत. शेवटी काकू आणि मी सभासद रजिस्टर घेऊन बसलो. २१२ नावं, दोन रात्री.

योग्य उपाय साधा होता. मूळ नाव जसं टाइप झालं तसं ठेवायचं, त्याला कधीच हात लावायचा नाही. शेजारी ‘शोधनाव’ असा वेगळा कॉलम, त्यात ऱ चा र केलेलं, जोडचिन्ह काढलेलं रूप. शोध तिथं घ्यायचा, छपाई मूळ नावावरून. मग टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहायच्या: कुऱ्हाडे दोन्ही प्रकारे टाइप केलं तरी सापडलं पाहिजे, आणि पासबुकावर आडनाव बाइटन् बाइट जसं आलं तसं गेलं पाहिजे. ही दुसरी टेस्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. दुरुस्तीनं काय सुधारलं याची टेस्ट सगळे लिहितात. काय बदलता कामा नये याची लिहायची सवय लावून घ्या.

बॅकअपचं म्हणाल तर आमच्याकडे आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो वेगळ्या मशीनवर उतरवतात आणि तेरीज काढतात. चालू सिस्टीमच्या त्याच तारखेच्या तेरजेशी ती जुळली तर आमच्याकडे बॅकअप आहे, नाहीतर फक्त फाइली आहेत. हे फक्त पेठेतल्या ऑफिसात होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत चालू डेटाबेसचं फोल्डर चुकून पुसलं गेलं, आणि बॅकअपच्या एकाहून जास्त व्यवस्था ऐनवेळी निकामी निघाल्या. सुमारे ६ तासांचा डेटा गेला. त्यांनी ते सगळं जाहीरपणे लिहून ठेवलं, आणि मला त्यांचं कौतुक त्यासाठी आहे. आमच्याकडेही घोटाळा झाला की एक पान लिहितो: काय झालं, कसं कळलं, पुढे काय बदललं. ‘कुणी केलं’ हा रकाना त्यात नाही. तो असता तर पहिल्या पानावर माझंच नाव आलं असतं.

‘काय’ कोडमध्ये दिसतं, ‘का’ लिहावं लागतं

२००९ मध्ये आमच्याकडे आवृत्ती सांभाळण्याची पद्धत म्हणजे ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल नवीन २’ अशी फोल्डरं. कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं गिट २००५ पासून होतं, आमच्यापर्यंत यायला २०१३ उजाडलं. तेव्हा जुना कोड आत आणताना मी शोधनावाच्या कमिटला, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीला, असा मजकूर लिहिला:

“सभासद शोधासाठी शोधनाव हा वेगळा कॉलम. ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतं, शाखा आणि मुख्य कार्यालय यांचे कीबोर्ड वेगळे. मूळ नाव बदलू नये: २००९ मध्ये बदललं होतं, पासबुकांवर रफार आला, उलट फिरवता आलं नाही. हा कॉलम अनावश्यक वाटला तर आधी कुऱ्हाडे आणि सूर्यवंशी दोन्ही शोधून आणि छापून बघा.”

२०२१ मध्ये आमच्याकडच्या एका हुशार मुलानं साफसफाई काढली. ‘नावाचाच दुसरा कॉलम, डुप्लिकेट आहे’ म्हणून त्यानं तो काढला. टेस्ट पडल्या. त्यानं त्या ओळीचा इतिहास काढला, कमिट वाचलं आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “मॅडम, हे पासबुकांचं खरंच झालं होतं?” मी फक्त मान हलवली. एवढं संभाषण पुरलं. आठ वर्षांपूर्वी मजकूर लिहायला पाच मिनिटं गेली होती.

कमिट लहान ठेवा. नाव बदलणं, मांडणी नीट करणं हे एका कमिटमध्ये. वागणूक बदलणं दुसऱ्यात. दोन्ही एकत्र केलं की रिव्ह्यू करणारा हजार ओळींत ती एक महत्त्वाची ओळ शोधत बसतो, आणि जेवणाची वेळ झाली की ‘ठीक आहे’ लिहून मोकळा होतो. लहान कमिटचा दुसरा फायदा गिट बायसेक्ट वापरला की कळतो. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामध्ये हजार कमिट असले तरी दरवेळी निम्मे बाद करत गेल्यावर दहाएक तपासण्यांत दोषी कमिट हातात येतं. पण प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे चालणारं असेल तरच.

मेलेला कोड मात्र बेधडक काढून टाका. इतिहासात तो राहतोच. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाच्या दलाल कंपनीनं १ ऑगस्ट २०१२ ला नवीन कोड चढवला, तो आठपैकी एका सर्व्हरवर चढायचा राहिला. नव्या कोडनं एक जुना झेंडा, म्हणजे फ्लॅग ही चालू-बंदची खूण, नव्या अर्थानं वापरला होता. त्या एका सर्व्हरवर त्याच फ्लॅगनं वर्षानुवर्षं बंद पडलेला कोड जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांहून जास्त नुकसान. आता तुम्ही म्हणाल, त्या मुलानं तरी वेगळं काय केलं होतं? त्यानं जिवंत कॉलम मेलेला समजून काढला. दोघांतला फरक सांगायला टेस्ट आणि कमिटचा मजकूर लागतो.

पैसे आणि हिशेब

थोडक्यात सांगते. रुपये दशांशात साठवायचे नाहीत, पैशांत पूर्णांक म्हणून साठवायचे. बहुतेक भाषांत ०.१ अधिक ०.२ करून पूर्ण उत्तर छापा. दशांशचिन्हानंतर सतराव्या जागी एक ४ बसलेला दिसेल. एका खात्यात तो कुणाला बोचत नाही, तेरजेत बोचतो.

व्याजाचं सूत्र लेखापालाकडून लेखी घ्या. १०,००० रुपये, ९ टक्के, ९१ दिवस. ३६५ नं भागलं तर २२४ रुपये ३८ पैसे, लीप वर्ष म्हणून ३६६ नं भागलं तर २२३ रुपये ७७ पैसे. कुठलं बरोबर? दोन्ही, संस्थेनं काय ठरवलंय त्यावर. हा निर्णय प्रोग्रामरनं आपल्या मनानं घ्यायचा नसतो, आणि दहापैकी नऊ वेळा तोच घेतो, कारण त्याला कुणी विचारलेलं नसतं आणि त्यानंही कुणाला विचारलेलं नसतं.

दर कधीच कोडमध्ये लिहू नका. दर आणि तो लागू झाल्याची तारीख अशी जोडी टेबलात ठेवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ज्यांनी हे केलं नव्हतं ते रात्रभर जागले. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा त्यातलेच काही पुन्हा जागले.

शिकायचं काय, आणि नोकरी कधी सोडायची

मी फॉक्सप्रो मनापासून शिकले होते. त्याची शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्टही संपवला. त्यातलं किती उरलं? भाषा म्हणून जवळजवळ शून्य. पण इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) का लागतो, दोन माणसांनी एकच नोंद एकाच वेळी उघडली तर काय होतं, हे तिथंच कळलं आणि ते आजही रोज लागतं. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा १९७० च्या दशकात आयबीएममध्ये जन्माला आली, ती मला अजून पोसतेय.

म्हणून नवीन काही शिकायचं का नाही असा प्रश्न पडला की मी त्याचं वय बघते. जे तीस वर्षं टिकलंय ते आधी आणि खोलवर: एसक्यूएल, कमांड लाइन, एचटीटीपी (वेबवर माहितीची देवाणघेवाण करायचे नियम), अक्षरं साठवण्याची पद्धत. जे मागच्या वर्षी आलंय ते कामापुरतं, चालू प्रकल्पात लागेल तेवढं. दोन्हीसाठी रोज रात्री जागायची गरज नाही. मला आठवड्याला तीन तास पुरले, पण ते वीस वर्षं सोडले नाहीत.

आता एआय कोड लिहून देतं. मीही घेते, विशेषतः टेस्टच्या इनपुटांची यादी करून घ्यायला. मला न सुचलेलं एखादं टोक ते दाखवतं. पण मी त्याला सभासद शोधाचा बग दिला तर ते मला माझीच २००९ ची क्वेरी आत्मविश्वासानं लिहून देऊ शकतं. मास्तरांचं पासबुक त्यानं बघितलेलं नाही. ज्या ओळीचं कारण मला शेजारच्याला सांगता येत नाही ती मी माझ्या नावानं कमिट करत नाही, मग ती कुणीही लिहिलेली असो.

नोकरी बदलण्याबद्दल माझं मत थोडं जुनाट आहे. दीड-दीड वर्षानं उड्या मारणाऱ्यांचा पगार माझ्याहून वेगानं वाढला, हे मान्य. पण त्यांनी आपला कोड म्हातारा होताना बघितलाच नाही. आमच्या धंद्यात प्रत्येक सॉफ्टवेअरची खरी परीक्षा ३१ मार्चला असते: व्याज आकारणी, ताळेबंद, लाभांशाची तयारी, सगळी शाखा रात्री बारापर्यंत जागी. म्हणून मी पोरांना सांगते, तुझ्या कोडची पहिली ३१ मार्च बघ आणि मग जा. तुमच्या क्षेत्रात ती दिवाळीचा सेल असेल, निकालाचा दिवस असेल. त्या रात्री जे फोन येतात त्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या कोर्समध्ये नाही.

याला दोन अपवाद. पगार वेळेवर मिळत नसेल तर मार्चची वाट बघू नका. आणि गिऱ्हाइकाशी खोटं बोलायला सांगत असतील, बिघाड लपवायला सांगत असतील, तर त्याच आठवड्यात दुसरीकडे अर्ज टाका. मी एकदा वर्षभर थांबले होते, ‘सुधारेल’ म्हणून. सुधारलं नाही, माझीच झोप गेली.

आणि ‘मॅनेजर का नाही’ याचं उत्तर: विचारलं होतं, दोनदा. एकदा होऊनही बघितलं. आठ महिन्यांत मला शाखांमधली माणसं दिसेनाशी झाली, फक्त तक्ते दिसायला लागले. परत आले. ज्याला तक्ते आवडतात त्यानं जरूर व्हावं, चांगला मॅनेजर मिळणं हे आम्हा लिहिणाऱ्यांचं नशीब असतं.

हे वाचून आज काही करून बघायचं असेल तर एक सांगते. बऱ्याच जुन्या सिस्टीम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि ती संख्या ३२ बिटांत ठेवली असेल तर १९ जानेवारी २०३८ ला सकाळी, आपल्या घड्याळात ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, ती भरते. अजून वेळ आहे असं वाटतं ना? २०२३ मध्ये दिलेल्या पंधरा वर्षांच्या घरकर्जाचा शेवटचा हप्ता २०३८ मधला आहे. तो आजच तुमच्या टेबलात बसलेला आहे. टेस्टच्या मशीनवर एक ठेव उघडा, मुदत संपण्याची तारीख २० जानेवारी २०३८ टाका आणि पावती छापून बघा. प्रॉडक्शनवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चालू सिस्टीमवर, नको, आणि आधी बॅकअप उतरतोय का ते बघा.